कृपेचा भरंवसा आणि आज्ञेचें पालन

या गोष्टीला आतां पुष्कळ वर्षें झालीं. माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाला विषमज्वर झाला होता. त्यांचें घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं मी त्या मुलासाठीं प्रार्थना करीत असें, आणि ती मनापासून करीत असें, यांत खोटें नाहीं. अकराव्या कीं बाराव्या दिवशीं ते स्नेही मला रस्त्यांत भेटले. जागरणानें त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुमच्या मुलासाठीं मी रोज प्रार्थना करतों," असें मीं त्यांना सांगितलें. ते म्हणाले, "फार उपकार आहेत. रात्रीं दोन तास कोणी त्याच्या उशाशीं बसलें असतें, तर हिचा जरा डोळा लागला असता." त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता, इतक्या थकलेल्या माणसाला टोमणा मारण्याचें त्राण नसतें. त्या रात्रीं मी गेलों. परंतु मागच्या सगळ्या रात्रीं मी देवाला जें काम सांगत होतों, त्यांतलें निम्में त्यानें मलाच सांगून ठेवलें होतें, हें तोंवर माझ्या ध्यानांतहि आलें नव्हतें.

हा दोष माझ्या एकट्याचा असता, तर तो येथें बोलून दाखविण्याचें कारण नव्हतें. परंतु ईश्वरावर भरंवसा टाकणाऱ्या माणसाच्या वाटेंत हा खड्डा नेमका असतो, आणि ख्रिस्ती माणसाच्या वाटेंत तर तो अधिकच खोल असतो. याचें कारण त्या धर्माच्या गाभ्यांतच आहे. माणसाचें तारण त्याच्या पुण्याईनें होत नाहीं. तें ईश्वराच्या कृपेनें होतें, आणि ती कृपा मजुरीप्रमाणें मिळवावयाची नसून दान म्हणून घ्यावयाची असते, असें पौलानें इफिस येथील मंडळीला समजावून सांगितलें. मग मनांत साहजिकच येतें कीं, सर्व कांहीं देवानेंच केलें, तर माझ्याकडे काय उरलें? स्वस्थ बसण्याला याहून चांगलें निमित्त शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. पण त्याच नव्या करारांत आणखी कांहीं पानें उलटलीं कीं याकोबाचें पत्र लागतें, आणि त्याचा स्वर अगदीं निराळा आहे. अंगावर धड वस्त्र नसलेल्या, उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेस लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव होय, असें तो रोखठोक बजावतो. माझ्या त्या अकरा रात्रींचें वर्णन याहून नेमकें कोणास करतां येईल असें मला वाटत नाहीं.

हा पेच केवळ ख्रिस्ती लोकांपुढेंच आला असें मात्र नाहीं. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांमध्यें यावरून दोन पक्ष पडले, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. माकडिणीचें पिलूं आईच्या पोटाला आपण होऊन घट्ट बिलगून राहतें, तसें भक्तानें देवाला धरावें, असें वडकलै म्हणतात. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला मानगुटीला धरून उचलते, तसें आपण राहावें, असें तेनकलै म्हणतात. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हीं नांवें आपल्या कानांवरून गेलेलीं आहेत. आणि दैव मोठें कीं प्रयत्न मोठा, हा वाद तर आपल्याकडे ओसरीवर सुपारी कातरतां कातरतां चालत आलेला आहे. दोन्ही दाखले गोड आहेत. परंतु मला त्यांत एक उणीव वाटते. माकडाचें काय किंवा मांजराचें काय, तें दोन्हींकडे पिलूंच राहतें. माणसाचें मूल असें राहत नाहीं. आई त्याला कडेवर घेऊन हिंडते तीं वर्षें थोडीं. मग एके दिवशीं ती त्याला हांक मारते आणि सांगते, एवढा तांब्या आजोबांना नेऊन दे. तांब्या नेला म्हणून तें तिचें मूल ठरत नाहीं. तें तिचेंच आहे, म्हणून ती त्याला सांगते आणि म्हणून तें नेतें.

पौलानें फिलिप्पै येथील मंडळीला जें लिहिलें त्यांत हेंच आहे, असें मी समजतों. तुम्हीं भीत भीत, कांपत कांपत आपल्या तारणाच्या कामाला लागावें, असें तो म्हणतो, आणि लगेच त्याचें कारण देतो: तशी इच्छा आणि तशी कृति तुमच्या ठायीं निर्माण करणारा देवच आहे. येथें पौलानें 'परंतु' म्हटलेलें नाहीं, 'कारण' म्हटलें आहे. आपण बहुतेक जण येथें मनांतल्या मनांत 'परंतु' वाचतों. इतकें काम देवाचें, तितकें माझें, अशी शेताची बांधबंदिस्ती करूं पाहतों, आणि मग बांध कोठें घालावा यावर आयुष्य घालवितों. पौलाच्या लेखीं बांधच नाहीं. देव काम करतो, म्हणूनच माणसाच्या हाताला काम लागतें.

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांत हा 'कारण' शब्द वारंवार हरवला आणि वारंवार सांपडला. पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलेजियस आणि ऑगस्टीन यांचें भांडण झालें तें याच गोष्टीवरून. त्यानंतर अकराशें वर्षांनीं मार्टिन ल्यूथर हा मठांत राहून उपास, जागरणें आणि तासन् तास पापनिवेदन करून करून थकला, तेव्हां त्याला कृपेचा अर्थ उमगला. त्या आनंदाच्या भरांत त्यानें १५२२ सालीं याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा देऊन टाकली! मोठ्या माणसांचेहि शब्द कधीं कधीं असे निसटतात. परंतु त्याच ल्यूथरनें दोन वर्षें आधीं ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें होतें, आणि त्यांत विश्वासानें मोकळा झालेला माणूस प्रीतीनें सर्वांचा चाकर होतो, असें प्रतिपादन केलें होतें. पुढें त्याच जर्मनींत, त्याच ल्यूथरच्या नांवानें चालणाऱ्या मंडळीला, डीट्रिख बोन्हॉफर यास १९३७ सालीं सांगावें लागलें कीं, तुम्हीं कृपा फार स्वस्त करून टाकली आहे. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४५ च्या एप्रिलांत त्याला फांशीं देण्यांत आलें; तेव्हां तो हें नुसतें लिहून थांबला नव्हता, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

पण हीं दूरचीं उदाहरणें. आपल्याच मुलखांतील एका बाईंच्या चरित्रांत हा प्रश्न जितक्या स्पष्टपणें उलगडतो, तितका मला तरी दुसरीकडे क्वचितच आढळला. मी पंडिता रमाबाईंविषयीं बोलत आहें. त्यांची विद्वत्ता, त्यांचें धर्मांतर आणि त्यावरून पुण्यांत उठलेलें वादळ यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, तें मी बाजूला ठेवतों.

बाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् आणि कमालीचे निष्ठावंत. तीर्थयात्रा करीत आणि पुराण सांगत हें कुटुंब देशभर हिंडत असे. १८७० नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला आणि या कुटुंबावर उपासमारीची वेळ आली. होतें नव्हतें तें दानधर्मांत आणि अनुष्ठानांत खर्च झालें. देव कांहीं तरी करील अशी सर्वांची खात्री होती. पण भीक मागावी असा स्वभाव नव्हता, आणि अंगमेहनत कोणी कधीं केलेली नव्हती. बाईंनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनांत ही हकीकत सांगितली आहे. शेवटीं तिरुपतीच्या डोंगरावर म्हाताऱ्या शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेण्याचा निश्चय केला. तेव्हां बाईंचे बंधु श्रीनिवास म्हणाले कीं, मी हा सगळा अभिमान टाकतों, बाबांना पाठीवर घेऊन डोंगर उतरतों आणि मिळेल ती मजुरी करतों. तें बोलणें यायला उशीर झाला होता. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण. या माणसांच्या निष्ठेंत तिळमात्र उणें होतें असें मी म्हणणार नाहीं. आणि ती गोष्ट एका विशिष्ट धर्माची आहे असेंहि कोणी समजूं नये. ओठांवर येशूचें नांव घेऊन असेंच वाट पाहत बसलेलीं घरें मीं पाहिलीं आहेत.

बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. १८८९ च्या ११ मार्चला त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. एवढें मोठें काम हातीं घेतलें असतांना आपली आंतली अवस्था कशी होती, हें बाईंनीं मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. बाप्तिस्मा झाल्यावर आठएक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचें त्यांचें म्हणणें आहे. विल्यम हॅसलम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ इतरांना उपदेश करीत असतां आपल्याच प्रवचनानें पालटला! तें वाचून बाईंना वाटलें कीं, आपलीहि तीच गत आहे. आपण देवासाठीं खटपट करीत आहों, पण त्याच्या हातांतून फुकट कांहीं घेण्याची आपली तयारी नाहीं. १८९१ च्या सुमारास त्यांनीं ती तयारी केली.

आतां येथें कालक्रमाकडे लक्ष द्यावें. कृपेची शिकवण माणसाला आळशी करते, हा जर खरा नियम असता, तर १८९१ नंतर बाईंचें काम मंदावयास हवें होतें. झालें तें उलट. तोंवर त्यांच्या आश्रयाला होत्या त्या मुख्यतः वरच्या जातींतील विधवा, आणि त्या संस्थेच्या खर्चाची हमी अमेरिकेंतील एका मंडळानें दहा वर्षांपुरती घेतलेली होती. ती मुदत १८९८ मध्यें संपणार होती. देव पुढचें पाहील, असें म्हणून बाई थांबल्या नाहींत, आणि पुढचें सगळें आपणच पाहावयाचें आहे, अशा काळजीनें त्या झुरत बसल्या असेंहि दिसत नाहीं. त्यांनीं पुणें-दौंड रस्त्यावर केडगांव येथें ओसाड जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडें लावलीं, कीं पुढें त्या उत्पन्नावर मुलींचें पोट चालावें.

झाडें मोठीं व्हावयाच्या आंत १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत माणसें रस्त्यांवर पडूं लागलीं. हातांत पुरेसा पैसा नाहीं, संस्था ज्या मुलींसाठीं काढली त्या वर्गांतल्या या मुली नव्हेत, आणि पुण्यांत प्लेगची धामधूम. न जाण्यास यांतलें एकेक कारण पुरेसें होतें. बाईंना आठवला तो तिरुपतीचा डोंगर. त्या गेल्या, दुष्काळग्रस्तांच्या तळांवर हिंडल्या आणि सुमारें तीनशें मुली व बायका आपल्याबरोबर राहतील अशी व्यवस्था केली. पुण्यांत प्लेगच्या निर्बंधांमुळें त्यांना ठेवतां येईना, तेव्हां त्या सर्वांना केडगांवच्या माळावर नेलें. आरंभीं तंबू आणि गवताचीं छपरें. त्या वस्तीचें नांव 'मुक्ति'. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

या काळांत बाईंच्या डोळ्यांपुढें जीं चरित्रें होतीं त्यांत ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचें चरित्र होतें. अनाथ मुलांसाठीं कोणाहि माणसापाशीं पैसा मागावयाचा नाहीं, फक्त देवापाशीं मागावयाचा, असा या मूळच्या जर्मन गृहस्थाचा नेम होता, आणि १८९८ सालीं तो वारला तोंपर्यंत दहा हजारांहून अधिक मुलांचें त्याच्या घरांतून पालन झालें होतें. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. १८५७ च्या नोव्हेंबर अखेरीस, ऐन थंडींत, घर ऊबदार ठेवणारा पाण्याचा मोठा बंब गळूं लागला. दुरुस्तीसाठीं विस्तव विझवून भोंवतालची वीट फोडावी लागणार, आणि आंत शेंकडों मुलें. कारागिरांना यावयाचा दिवस ठरवून दिला, आणि नेमका उत्तरेचा बोचरा वारा सुटला. म्यूलरनें प्रार्थनेंत दोन गोष्टी मागितल्या. एक, वारा दक्षिणेचा व्हावा. दुसरी, कारागिरांना मन लावून काम करण्याची बुद्धि व्हावी. ठरल्या दिवशीं वारा दक्षिणेचा झाला. संध्याकाळीं मुकादम कारागिरांना उशिरांपर्यंत थांबण्याविषयीं विचारूं लागला, तेव्हां ते म्हणाले, आम्हीं रात्रभर काम करूं.

लोक ही गोष्ट सांगतात ती वाऱ्यासाठीं. मला ती कारागिरांसाठीं सांगावीशी वाटते. बंब आपोआप बुजावा, अशी प्रार्थना म्यूलरनें केली नाहीं. त्यासाठीं त्यानें बंब दुरुस्त करणारीं माणसें बोलाविलीं. पण त्या माणसांच्या हातांतला उत्साह तरी आपल्या मालकीचा आहे, असें त्यानें धरलें नाहीं. तोहि मागून घेतला. आणि हाच मनुष्य देणग्यांचा हिशेब दरवर्षीं पै न् पै छापून काढीत असे. भरंवसा देवावर होता म्हणून वही कोरी ठेवली, असें त्याच्या हातून झालें नाहीं.

केडगांवालाहि हेंच चाललें होतें. प्रार्थना होत्या, आणि १९०५ सालीं तर तेथें धार्मिक जागृतीची मोठी लाट उसळली. मुली तासन् तास रडत, गात, प्रार्थना करीत. पण दोन हजार तोंडांचा स्वयंपाक त्या दिवसांतहि कोणाला तरी करावाच लागत असेल, हें मी कल्पनेनें सांगूं शकतों. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शाळा, यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येकीच्या हाताला होतें. जिला आईबापांच्या घरीं मजुरी माहीत नव्हती म्हणून सगळें कुटुंब गमवावें लागलें, तिनें हाताखालच्या एकाहि मुलीला रिकाम्या हातांनीं ठेवलें नाहीं.

आतां दुसरी बाजू. जगांत नुसते प्रार्थना करणारेच आहेत असें नाहीं. नुसते राबणारेहि आहेत, आणि शहरांत तर त्यांचीच संख्या मोठी. मंडळ्या, वर्गण्या, रुग्णालयाच्या भेटी, सगळें वेळच्या वेळीं होतें. पण मनांत एक खातेवही उघडी असते. आपण इतकें करतों, तर देवानें आपल्या घरीं आजार कां पाठवावा? शेजारी कांहीं करीत नाहीं, त्याच्या मुलाला नोकरी कशी लागली? येशूनें सांगितलेल्या दाखल्यांतील उधळ्या मुलाचा थोरला भाऊ या जातीचा होता. तो शेतांतून राबून परत आला होता आणि तरी बापाच्या घरांत पाऊल टाकण्यास तयार नव्हता. मला स्वतःला या दुसऱ्या रोगाचें भय अधिक वाटतें, कारण तो सभ्य माणसांना होतो आणि तो झाल्याचें त्यांना कळत नाहीं. आळशी माणसाला निदान अधूनमधून लाज वाटते.

मग ज्याच्या हातून कांहींच होण्यासारखें नाहीं, त्यानें काय करावें? अंथरुणाला खिळलेला, म्हातारा, ज्याचें माणूस डोळ्यांदेखत गेलें तो? बाईंवरहि ती वेळ आली. कन्या मनोरमा ही त्यांची एकुलती एक, शिकविलेली, संस्थेचा भार उचलणारी. ती १९२१ सालीं वारली. बाईंना तोंवर ऐकूं कमी येऊं लागलें होतें, प्रकृति खालावली होती. मरणापुढें कोणती विहीर खणावयाची? तेथें नुसता भरंवसाच उरतो, आणि तो कोणाला सोपा गेला असें मला वाटत नाहीं. बाईंच्या हातीं एक काम मात्र शिल्लक होतें. साध्या, अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा मराठींत सबंध बायबल उतरविण्यासाठीं त्यांनीं उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला होता. छापखान्यांत मुली खिळे जुळवीत होत्या, मुद्रितें येत होतीं, बाई तीं तपासून परत पाठवीत होत्या. मुलगी गेल्यावरहि तें चालूं राहिलें. १९२२ च्या ५ एप्रिलला त्यांनीं देह ठेवला, तेव्हां तें काम बहुतेक हातावेगळें झालें होतें. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागें बाहेर पडला. केडगांवची संस्था आजहि चालूं आहे.

माझ्या स्नेह्यांच्या मुलाविषयीं कोणी विचारील म्हणून सांगतों, तो पुढें बरा झाला. तें माझ्या तेथें बसण्यानें झालें असें नाहीं. औषधें चालूं होतीं, डॉक्टर चांगले होते. त्या रात्रीं मीं केलें तें इतकेंच कीं, ओल्या कापडाची घडी त्याच्या कपाळावर ठेवीत होतों आणि गरम झाली कीं बदलीत होतों. भिंतीशीं त्याची आई पदर डोक्याखालीं घेऊन गाढ झोंपली होती. घडी बदलतां बदलतां मीं प्रार्थनाहि केली. ती नेहमींपेक्षां फार आंखूड झाली, कारण मध्येंच मुलानें पाणी मागितलें.